डिजिटल व्हर्नियर आणि थ्रेड गेज, सहा महिने वापरून: खोक्यातले अनोळखी पार्ट ओळखायला कितपत कामाचे?

आधीच सांगून टाकतो, हा कुठल्या एका कंपनीच्या मालाचा रिव्ह्यू नाहीये. १५० मिमीचा साधा डिजिटल व्हर्नियर (जबड्यांत धरून माप घ्यायचा), सोबत ५२ पात्यांचा थ्रेड गेज (दाते असलेली पाती, आट्यांवर टेकवून आटा ओळखायचा), आणि त्यांच्यासमोर फोनमधलं ते फोटो काढला की वस्तूचं नाव सांगणारं ॲप, असा सामना आहे. काम एकच, जुन्या गाडीबरोबर आलेल्या खोक्यातले पार्ट नक्की कसले आहेत ते शोधायचं. सहा महिने झाले, खोकं अजून संपलेलं नाही पण मत पक्कं झालंय.

जुनी गाडी घेणाऱ्यांना खोकं म्हणजे काय ते सांगायला नको. आधीचा मालक चावी देतो, कागद देतो आणि मग डिकीत एक जड खोकं ठेवत म्हणतो हे पण असू द्या, लागेल कधीतरी. कशाला लागेल ते त्यालाही माहीत नसतं, कारण त्याला ते त्याच्या आधीच्याने तसंच म्हणत दिलेलं असतं. त्यामुळे पहिली गोष्ट ही लक्षात ठेवा की खोक्यातला पार्ट तुमच्याच गाडीचा असेल असं अजिबात नाही. मी पहिला महिना हेच गृहीत धरून वाया घालवला. प्रत्येक वस्तू उचलायची आणि बॉनेट उघडून ही कुठे बसेल म्हणून टॉर्च घेऊन वाकून बघायचं, कंबर गेली पण एक पार्ट जागेवर बसला नाही.

मग ॲप. खरं सांगतो, सुरुवातीला भारी वाटलं. स्पार्क प्लग ओळखला, डिस्ट्रिब्युटर कॅप ओळखली, रेडिएटर कॅप तर लगेच ओळखली, पण ती काय मीही ओळखली असती. ज्या वस्तूचा चेहरा ठरलेला आहे आणि ज्याचे लाखो फोटो जगात पडलेत तिथे ॲप चांगलं चालतं. एसयू कार्बोरेटरची ती घंटेसारखी ॲल्युमिनियमची टोपी असते ना, आत पिस्टन वरखाली होतो ती, तीसुद्धा बरोबर सांगितली. इथपर्यंत मी ॲपला पाचपैकी पाच द्यायला तयार होतो.

पुढची वस्तू होती बोटाएवढा लांब, पांढरा, चिनी मातीचा ठोकळा, दोन टोकांना दोन टर्मिनल आणि मधे एक भोक असलेली पत्र्याची पट्टी. ॲप म्हणे कपाटाचं हँडल. दुसऱ्या बाजूने फोटो काढला तर म्हणे साबण ठेवायची डिश. आता टर्मिनल दिसतायत, पट्टी दिसतेय, तरी साबण! मल्टीमीटर लावला, १.६ ओम. म्हणजे हा इग्निशन कॉइलचा बॅलास्ट रेझिस्टर. इंजिन चालू असताना कॉइलला पूर्ण १२ व्होल्ट जाऊ नयेत म्हणून तो लाइनमधे टाकतात, आणि स्टार्टर मारताना बॅटरीचा व्होल्टेज पडतो तेव्हा त्याला बगल देऊन कॉइलला थेट करंट देतात. तो गरम होतो म्हणून चिनी माती आणि गरम होतो म्हणूनच पट्टीला भोक, म्हणजे तो वायरींपासून लांब पत्र्यावर स्क्रूने बसवायचा. हे सगळं त्या आकारातच लिहिलेलं आहे, पण ॲप बाहेरची कड बघतं. वस्तू कशाला जोडली जाते ते बघत नाही.

आणि माझ्या मते सगळा घोळ इथेच आहे. गाडीचा कुठलाही पार्ट एकटा नसतो. मधलं अंग ज्याने बनवला त्याने कसंही केलेलं असतं, जाड बारीक, ओतीव, पत्र्याचं, काहीही. पण टोकं त्याच्या हातात नसतात, टोकं समोरच्या पार्टने ठरवलेली असतात. म्हणून टोकं मोजायची. आटे, भोकांमधलं अंतर, शाफ्टची जाडी, स्प्लाइनचे दाते, चौकोन की षटकोन. आणि हे मोजायला फोन नाही, व्हर्नियर लागतो.

ज्या वस्तूने मला हे शिकवलं तिची गोष्ट सांगतो, थोडी लांब आहे.

अंगठ्याएवढी, काटकोनात वाकलेली, जस्ताच्या ओतकामाची राखाडी वस्तू. लोहचुंबक चिकटत नाही. एका टोकाला बाहेरून आटे, दुसऱ्या टोकाला खरखरीत कडेचा, बोटाने आवळायचा गोल नट. आटे असलेल्या टोकात बघितलं तर बारीक चौकोनी भोक आणि नटाच्या आत बघितलं तर तेवढाच बारीक चौकोनी काटा बाहेर आलेला. ॲपने पहिल्यांदा नळाचा एल्बो सांगितलं. मग हायड्रॉलिक फिटिंग सांगितलं, तेही एकदम आत्मविश्वासाने, बाजूला तसेच दिसणारे वीस फोटो लावून. आणि फोटो खरंच तसेच दिसत होते हो, मी पण फसलो, दोन दिवस ब्रेकच्या लाइनमधे असलं काय असतं ते शोधत बसलो.

शेवटी ओळखीतल्या एका रिटायर्ड मेकॅनिक काकांकडे घेऊन गेलो. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही, नुसतं हातात घेतलं.

"फिरतंय का हे?"

"नाही काका, जाम आहे."

"जाम आहे ना? मग फिरायचं कधीतरी. ज्याला फिरायचंच नाही ते जाम कसं होईल?"

मी गप्प. ते पुढे म्हणाले, "आणि हा नट बघ. बोटाने आवळायचा आहे. तेलाच्या नाहीतर ब्रेकच्या लाइनला कोणी बोटाने आवळायचा नट देईल का रे? आत प्रेशर नाही याच्या. रॉकेलमधे टाक रात्रभर आणि मग मला काही विचारू नको, त्यालाच विचार."

रॉकेलमधे टाकलं. सकाळी भांड्याच्या तळाशी मधासारखं घट्ट झालेलं जुनं ग्रीस उतरलेलं. एक खिळा कानसने घासून चौकोनी केला, त्या भोकात घातला आणि हळूच फिरवला, पहिल्यांदा कुरकुरलं, मग सुटलं, आणि दुसऱ्या टोकाचा काटा पण फिरायला लागला. काटकोनातून! एवढ्याशा पोटात दोन गिअर बसवलेत. मी खरंच दहा मिनिटं नुसता फिरवत बसलो होतो, घरातले विचारत होते काय चाललंय.

मग डोकं चालायला लागलं. भोक व्हर्नियरने मोजलं, अडीच मिमीच्या जरा वर. एवढ्या बारीक चौकोनातून ताकद जाऊच शकत नाही, पिळून तुटेल. म्हणजे याचं काम जोर पोचवायचं नाही, नुसते फेरे पोचवायचं आहे. गाडीत जोर न लावता नुसते फेरे कुठून कुठे पोचवतात? गिअरबॉक्सपासून स्पीडोमीटरपर्यंत. स्पीडोमीटरच्या जुन्या केबलमधे आत तारेचा गुंडाळलेला लवचिक गाभा असतो आणि त्याची टोकं दाबून चौकोनी केलेली असतात. तो गाभा हलका बाक सहन करतो पण एकदम काटकोनात वाकवला तर मीटरचा काटा थरथरतो आणि थोड्या दिवसांनी गाभा तुटतो. म्हणून जिथे गिअरबॉक्समधून बाहेर पडल्या पडल्या जागा नसते तिथे हा एवढासा काटकोनी ड्राइव्ह लावतात. अँगल ड्राइव्ह. नळाचा एल्बो म्हणे!

नाव मिळालं पण घराणं मिळायचं होतं, आणि इथे खरी परीक्षा झाली व्हर्नियरची. बाहेरचा आटा मोजला, १५.८ मिमी. मी लगेच खूश, १६ चा मेट्रिक आटा, बाहेरचा आटा मोजला की नावाच्या मापापेक्षा थोडा कमीच भरतो, झालं काम. पण ५/८ इंच म्हणजे किती होतात? १५.८७५ मिमी. आता सांगा, १५.८ हा घासलेला १६ आहे की जवळपास पूर्ण ५/८ आहे? व्हर्नियर इथे काहीच सांगू शकत नाही, कितीही महाग घ्या. स्क्रीनवर ०.०१ पर्यंत आकडा दिसतो म्हणून तेवढा अचूक असतो असंही नाही, ०.०२ - ०.०३ इकडे तिकडे धरून चाला. आणि पन्नास वर्षं गंजलेल्या आट्यावर तर तेही विसरा.

इथे थ्रेड गेजने बाजी मारली. १६ मिमीच्या बारीक मेट्रिक आट्याची पिच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर, बहुतेक वेळा १.५ मिमी असते. ५/८ च्या यूएनएफला (इंचातला बारीक आटा) इंचाला १८ आटे, म्हणजे पिच १.४१. फरक एका आट्याला जेमतेम ०.०९ मिमी, डोळ्याला दिसणार नाही. पण तो साठत जातो. १.५ चं पातं लावलं आणि खिडकीच्या उजेडासमोर धरलं, पहिले दोन आटे मस्त बसले, तिसऱ्याला जरा फट, आणि सहाव्यापर्यंत पात्याचा दात आट्याच्या उतारावर चढलेला, अर्धा मिमी चुकलेला. मग १८ चं पातं लावलं तर सगळीकडे सारखं. म्हणून सांगतो दोन आट्यांवर पातं टेकवून हुश्श करू नका, जेवढे आटे असतील तेवढ्या सगळ्यांवर लावा आणि मागून उजेड हवाच.

आता गेजबद्दल तक्रार. माझ्या सेटमधल्या इंचाच्या पात्यांच्या दातांचा कोन ५५ अंशाचा निघाला, म्हणजे व्हिटवर्थचा, जुन्या ब्रिटिश आट्यांचा. यूएनएफ आणि यूएनसीचा (त्याच पद्धतीतला जाड आटा) कोन ६० असतो, मेट्रिकचाही ६०. त्यामुळे १८ चं पातं बसलं खरं पण अगदी गच्च नाही, प्रत्येक दातात सारखीच बारीक फट राहते आणि पातं किंचित डुलतं. मोजणीला चालतं, कारण फट सगळीकडे सारखी असली की पिच बरोबर आणि कोन वेगळा, फट वाढत गेली की पिचच चुकीची. पण नवीन माणूस यात शंभर टक्के गोंधळणार. पाकिटावर कुठेतरी बारीक अक्षरात ५५ लिहिलेलं होतं, मी ते फेकून दिल्यावर कळलं. घेताना बघून घ्या, ६० अंशाची इंच पाती वेगळी मिळतात. जुन्या ब्रिटिश गाड्यांचं काम असेल तर मात्र ५५ वाली पण लागतात कारण बीएसएफ आणि बीएसडब्ल्यू, म्हणजे ब्रिटिश बारीक आणि जाड आटे, त्याच कोनाचे. ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडाने १९४८ मधे मिळून युनिफाइड आटे ठरवले आणि त्यानंतर काही वर्षांत ब्रिटिश गाड्या हळूहळू यूएनएफवर गेल्या, त्यामुळे आट्याच्या कोनावरून काळाचाही अंदाज येतो. ५/८ ला बीएसएफमधे इंचाला १४ आटे असतात, १८ नाही, म्हणून माझा तो पार्ट व्हिटवर्थ घराण्यातला नाही हे तिथेच मिटलं.

५/८ ला १८ हा आटा अमेरिकी पद्धतीच्या स्पीडोमीटर केबलच्या नटाला खूप दिसतो. जर्मन व्हीडीओ कंपनीच्या मीटरला बहुतेक वेळा १८ मिमीला १.५ असतो. म्हणजे माझ्या हातातला तुकडा अमेरिकी घराण्यातला, आणि माझी गाडी अमेरिकी नाही. झालं, खोक्यातल्या पार्टचा आणि गाडीचा काही संबंध नाही हे मला तेव्हा कळलं, महिनाभर टॉर्च घेऊन वाकल्यानंतर.

एक अजून केलं, दोन्ही टोकांना मार्करने ठिपका लावला आणि एकीकडे बरोब्बर १० फेरे दिले, दुसरीकडे पण १० च. हे मोजणं महत्त्वाचं आहे बरं का, कारण अगदी असाच दिसणारा एक प्रकार फेरे कमी-जास्त करायला पण असतो, टायर किंवा मागच्या एक्सलचा रेशो बदलला की मीटर खोटं दाखवतं ते जुळवायला. अमेरिकी मीटरला मैलाला १००० फेरे धरलेले असतात, म्हणजे ताशी ६० मैलाला केबल मिनिटाला १००० फेरे मारते. ब्रिटिश स्मिथ्सच्या मीटरवर खाली बारीक आकड्यात मैलाला किती फेरे ते छापलेलं असतं, आणि जर्मन मीटरवर डब्ल्यू आणि पुढे दशांशातला आकडा, तो एक मीटर अंतराला किती फेरे त्याचा. तुमच्याकडे नुसतं मीटर सुटं पडलं असेल तर हा आकडा आधी वाचा, ॲपला फोटो दाखवत बसू नका.

आता व्हर्नियरबद्दल, कारण रिव्ह्यू त्याचाच आहे.

सगळ्यात मोठी कटकट बॅटरी. बंद करून डबीत ठेवला तरी आतून थोडा थोडा करंट खात राहतो, महिना-दोन महिन्यांनी काढला की स्क्रीन लुकलुकते. आणि लुकलुकायच्या आधी तो आकडे खोटे दाखवतो ते जास्त वाईट, मी एकदा एकच बोल्ट तीनदा मोजला आणि तीन वेगळे आकडे आले. एलआर४४ ऐवजी एसआर४४ सेल टाका, त्याचा व्होल्टेज शेवटपर्यंत बऱ्यापैकी एकसारखा राहतो. मी तर काम झालं की सेलच काढून ठेवतो. आणि दर वेळी जबडे कागदाने पुसून, मिटून, शून्य करून मगच मोजायचं, जुन्या पार्टवरच्या काजळीचा एक कण सगळं बिघडवतो.

दुसरं म्हणजे आतल्या जबड्यांनी छोटं भोक मोजलं की माप कमी येतं. जबड्यांची धार अगदी चाकूसारखी नसते, थोडी सपाट असते, आणि बारीक भोकाच्या गोलाईत ती सपाटी नीट टेकत नाही. पाच-सहा मिमीच्या खालच्या भोकाला मी आता ड्रिल बिटाची बोथट बाजू घालून बघतो, कुठला बिट सरकतो आणि कुठला अडतो, ते जास्त खरं.

पण एक गोष्ट डिजिटलमधे एवढी सोपी आहे की जुना व्हर्नियर परत हातात घ्यावासा वाटत नाही. दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. भोकं सारखी असतील तर आतले जबडे एका भोकात घालून, रुंदी पकडून, तिथेच शून्य दाबायचं. मग तेच जबडे दोन्ही भोकांच्या बाहेरच्या कडांना लावायचे. स्क्रीनवर येतो तो आकडा म्हणजे सरळ मध्यापासून मध्यापर्यंत, बेरीज नाही वजाबाकी नाही. आणि मग इंच-मिमीचं बटण दाबत बसायचं, कुठल्या बाजूला आकडा गोल होतो बघायचं. ४० च्या जवळ, ५५ च्या जवळ येतोय म्हणजे मेट्रिक, आणि ३८.१ किंवा ५०.८ आला तर तो माणूस इंचात विचार करत होता, कारण ते दीड आणि दोन इंच. बनवणाऱ्याच्या डोक्यात कुठली फूटपट्टी होती ते भोकांच्या अंतरात पकडलं जातं, आणि आटे घासले, रंग उडाला, नंबर पुसला तरी भोकांमधलं अंतर काही बदलत नाही.

बोल्टच्या डोक्यावरूनही असंच. ११.१, १२.७, १४.३ असं माप आलं की इंचाचा, ७/१६, १/२, ९/१६. आठ मिमीच्या बोल्टला १३ चा पाना लागला तर युरोपियन पद्धत, १२ चा लागला तर बहुतेक जपानी, तसंच १० मिमीच्या बोल्टला १७ आणि १४. डोक्यावर ८.८ लिहिलेलं मेट्रिक, आणि नुसत्या तीन रेघा मधून बाहेर गेलेल्या असतील तर तो अमेरिकी ग्रेड ५. अर्थात बोल्ट कोणीही बदललेला असू शकतो म्हणून बोल्टवर फार भरवसा ठेवत नाही, पार्टमधे कापलेल्या आट्यावर ठेवतो.

सेन्सर आणि स्विचच्या बाबतीत मात्र व्हर्नियर आणि गेज दोघांनाही घाम फुटतो. पितळी षटकोनी बुड आणि वर एक टर्मिनल, असली सहा नगं निघाली खोक्यात. आटा दहा मिमीच्या आसपास, सगळ्यांचा. आता तो १/८ एनपीटी (अमेरिकी पाइपचा आटा) असू शकतो, इंचाला २७ आटे. १/८ बीएसपी (ब्रिटिश पाइपचा आटा) असू शकतो, इंचाला २८. नाहीतर १० मिमीला १ पिच. २७ आणि २८ मधे फरक करायचा म्हणजे पाच-सहा आट्यांच्या तुकड्यावर जवळपास अशक्य, मी भिंग लावून बघितलं तरी खात्री नाही. कोन मदत करतो, बीएसपी ५५ चा आणि एनपीटी ६० चा, पण गंजलेल्या पितळेवर तेही अवघडच. दोन टोकांना जाडी वेगळी आली म्हणजे टेपर आटा, आट्यावरच सील होणार, एवढं कळतं. मग मी आटा सोडून मल्टीमीटरकडे गेलो. ऑइल प्रेशरच्या दिव्याचा स्विच नुसता हातात धरला असताना टर्मिनल आणि बॉडीमधे करंट जाऊ देतो, कारण प्रेशर नसलं की दिवा लागायला हवा. डॅशबोर्डवरच्या काट्याच्या गेजला माप पाठवणारा सेंडर असेल तर काहीतरी ओम दाखवतो आणि तो अंगानेही मोठा, डबीसारखा असतो. दोन टर्मिनल असतील आणि मधे काहीच जोडलेलं नसेल तर ब्रेक लाइटचा हायड्रॉलिक स्विच असण्याची शक्यता, ब्रेक दाबल्यावर प्रेशरने जुळतो. सहापैकी पाच असे लागले, सहावा आतूनच मेलेला आहे तो कसला ते आता तोही सांगू शकत नाही.

इलेक्ट्रिकचा पार्ट असेल तर मोजायच्या आधी टर्मिनलजवळ बघा, बऱ्याचदा नंबर किंवा अक्षर असतं. ॲल्युमिनियमची छोटी डबी, ॲपने कॅपॅसिटर सांगितली, खाली बघितलं तर ४९ आणि ४९ए. जर्मन डीआयएन पद्धतीत ४९ म्हणजे फ्लॅशरला येणारा करंट आणि ४९ए म्हणजे तिथून इंडिकेटरकडे जाणारा, विषय संपला. त्याच पद्धतीत ३० थेट बॅटरी, १५ चावीनंतरचा, ३१ अर्थ, ५० स्टार्टर, ८५ ८६ रिलेची कॉइल आणि ८७ रिलेतून बाहेर. ब्रिटिश फ्लॅशरवर बी, एल, पी अशी अक्षरं असतात, आणि डायनॅमोवर डी आणि एफ. हे पाठ नसलं तरी चालेल, पण नंबर वाचायचा असतो हेच माझ्या डोक्यात आलं नव्हतं, मी डबीचा फोटो चारी बाजूंनी काढत होतो फक्त खालून सोडून.

नंबर ठोकलेला असेल आणि दिसत नसेल तर घासू नका प्लीज, सँडपेपर तर अजिबात नको. रॉकेलच्या फडक्याने पुसा, खडू चोळा, वरचा पुसून घ्या, खाचेत राहतो तो वाचा. किंवा अंधारात टॉर्च अगदी आडवा धरून. मग त्या नंबरचा आकार बघायचा, हो, नंबरलाही आकार असतो. बॉशचा दहा आकडी आणि शून्याने सुरू होणारा, त्यात सुरुवातीला ० २३१ असेल तर डिस्ट्रिब्युटर, ० २२१ इग्निशन कॉइल, ० ३३२ रिले. फोक्सवॅगनच्या नऊ आकड्यांत मधल्या तिनातला पहिला आकडा म्हणजे विभाग, १ इंजिन, ३ गिअरबॉक्स, ६ चाकं आणि ब्रेक, ८ बॉडी, ९ इलेक्ट्रिक. जुन्या फोर्डच्या नंबरात पहिलं अक्षर दशक आणि पुढचा आकडा वर्ष, सी आणि ५ म्हणजे १९६५, आणि मधला आकडा वस्तूचा, ९५१० असेल तर कार्बोरेटर, १२१२७ डिस्ट्रिब्युटर. लुकासच्या पार्टवर बऱ्याचदा महिना आणि वर्ष वेगळं ठोकलेलं असतं. एकच काळजी, ओतकामातच उठून आलेला मोठा नंबर हा साच्याचा असतो, तो पार्ट नंबर असेलच असं नाही, एकाच ओतीव तुकड्यात वेगवेगळी भोकं पाडून चार वेगळे पार्ट बनवतात. आणि प्लास्टिकवर घड्याळासारखं गोल आणि मधे बाण दिसला तर ती साच्याची तारीख आहे, कंपनीचा शिक्का नाही, यावरही मी एक संध्याकाळ घालवली आहे.

मार्क द्यायचे तर थ्रेड गेज साडेचार, अर्धा कापला तो ५५ अंशाच्या घोळासाठी. व्हर्नियर चार, बॅटरीमुळे. ॲप अडीच, आणि तेही अशासाठी की एकदा मला "अँगल ड्राइव्ह" हे नाव मिळाल्यावर तेच ॲप बरोबर फोटो दाखवायला लागलं, म्हणजे उत्तर आधी माहीत असेल तर ते पडताळायला ठीक. ब्रेक किंवा स्टिअरिंगचा पार्ट असेल तर तिघांपैकी कोणाच्याही भरवशावर गाडीला लावू नका. माझ्याकडे ब्रेकचा एक व्हॉल्व्ह निघालाय, नाव कळलंय, आटे जुळतात, तरी तो आत किती प्रेशरला उघडतो हे बाहेरून मोजता येत नाही म्हणून पिशवीत चिठ्ठी टाकून ठेवून दिलाय.

अँगल ड्राइव्ह मी नवीन ग्रीस भरून काकांना दाखवायला नेला. त्यांनी दोन फेरे दिले, कानाजवळ नेला, आणि म्हणाले, "बरा आहे. तुझ्या गाडीचा नाही ना?" म्हटलं नाही. "मला वाटलंच," म्हणाले आणि परत दिला. हे आधी सांगितलं असतं तर!

खोक्यात आता अकरा वस्तू उरल्यात. सध्या टेबलावर आहे तो तीन भोकांचा वाकडा पत्र्याचा ब्रॅकेट, पिवळट सोनेरी मुलामा दिलेला, एका कडेला काहीतरी वर्षानुवर्षं घासून चमकलेली रेघ. ॲप म्हणतंय दाराची बिजागरी. भोकांचं अंतर काल रात्री घेतलं, ४१.३ मिमी, म्हणजे सव्वा नाही दीड नाही, एक पूर्णांक पाच अष्टमांश इंच. म्हणजे हा पण इंचवालाच, आणि हा पण माझ्या गाडीचा नाही.